आबा पारावर का येईनात?

रोज सकाळी पारावर बसणारे आबा महिनाभर दिसले नाहीत, की आपण त्यांच्या पोराला विचारतो, "आबा कुठं दिसत न्हाईत?" पोरगा सांगतो, "मोरीत पाय घसरला होता. हाड मोडलं न्हाई, मुका मार बसला. पण तवापासून बाहेरच पडत न्हाईत." "वय झालं आता," असं म्हणून आपण विषय संपवतो. शेतकरी बंधूंनो, खरा विषय तिथूनच सुरू होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार, पासष्टीपुढच्या माणसांपैकी शेकडा २८ ते ३५ जण दर वर्षी पडतात. मुका मार बरा होतो, पण मनातली धास्ती जात नाही. कधीच न पडलेल्यांनाही ही धास्ती असते. शेजारचा कुणी पडून अंथरुणाला खिळलेला त्यांनी पाहिलेला असतो.

मग माणूस चालणं कमी करतो. दावणीला महिनाभर बांधलेला बैल एकदम औताला जुंपला तर काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. मांड्या-पोटऱ्यांतली ताकद जाते, तोल सांभाळत नाही आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. पार सुटतो, देऊळ सुटतं, चार माणसांतलं बोलणं सुटतं. मन खचतं. खचलेल्या मनाला अन्न गोड लागत नाही, झोप येत नाही, अशक्तपणा वाढतो आणि धास्ती आणखी घट्ट होते.

म्हातारी माणसं "मी उदास आहे" असं सहसा सांगत नाहीत. अंग दुखतं, भूक नाही, कशात जीव रमत नाही, असं म्हणतात. पीकपाण्याची चौकशी थांबते, नातवंडांचा कंटाळा येतो. असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. हे म्हातारपण नव्हे, नैराश्याचा आजार आहे आणि तो उपचाराने बरा होऊ शकतो. "आता मरण आलं तर बरं" हे शब्द तर कधीच हसण्यावारी नेऊ नका. अशा माणसाला एकटं ठेवू नका आणि फवारणीचं औषध कुलपात ठेवा. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस फोन २०२२ पासून सुरू आहे. त्यावर मराठीत मोफत सल्ला मिळतो.

घरात काय करता येईल? "गप बसा एका जागी, पडाल" असं आपण मायेपोटी म्हणतो, पण त्याने धास्ती वाढते. त्यापेक्षा हाताला धरून अंगणात चार फेऱ्या मारा. उद्या बांधापर्यंत, परवा पारापर्यंत. खिडकीचे गज धरून टाचा उचलायच्या, कुणी जवळ असताना खुर्चीवरून उठबस करायची, एवढ्यानेही पायांत बळ येतं. झोपेतून उठताना मिनिटभर बाजेच्या कडेला बसायचं, मगच उभं राहायचं. मोरीतलं शेवाळ घासून काढा, धरायला भिंतीत नळी बसवा, रात्री संडासच्या वाटेवर दिवा ठेवा. डोळे तपासून घ्या. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळीने चक्कर येत असेल, तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा. काठीची लाज नको, मात्र तिच्या टोकाला रबरी बूट हवा.

आता सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींना थोडं. पाराकडे जाणाऱ्या वाटेवर उघडं गटार असेल, खांबावरचा दिवा बंद असेल, देवळाच्या पायऱ्यांना कठडा नसेल, तर गावातले आबा घरात बसणारच. ही कामं फार खर्चाची नाहीत. घराबाहेर न पडणाऱ्या वृद्धांची यादी आशाताईंच्या मदतीने करा. काठी, चष्मा अशा साधनांसाठी राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. त्यात पासष्टीच्या पात्र वृद्धांना एकदा ३,००० रुपये द्यायचे ठरले. आपल्या गावातल्या कुणाला लाभ मिळू शकतो, याची समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.

आणि वाचकहो, तुमच्या गल्लीतले कोणी आबा, कोणी आजी दिसेनाशा झाल्या असतील, तर आज संध्याकाळी त्यांच्या दारात जा. "चला, जरा पारापर्यंत जाऊन येऊ," एवढंच म्हणा. हात मात्र पुढे करा.