वस्तुसंग्रहालयांच्या वाटेवर (भाग ७) : बराकीतली चांदी

आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा सजावटी कला आणि इतिहास विभाग डब्लिनमध्ये, लिफी नदीच्या उत्तरेला, एका जुन्या लष्करी बराकीत आहे. वास्तुकार टॉमस बर्गने १७०२ च्या सुमारास ती बांधायला घेतली. इंग्रजांच्या अमलात ती रॉयल बॅरॅक्स होती. १७९८ च्या उठावाचा नेता वुल्फ टोन इथल्याच कैदेत मेला. १९२२ मध्ये ती आयरिश सैन्याच्या ताब्यात आली आणि स्वातंत्र्यलढ्यातला नेता मायकेल कॉलिन्स याचं नाव तिला मिळालं. १९९७ पासून इथे संग्रहालय आहे. प्रवेश मोफत आहे.

आधी चांदीच्या दालनात जा आणि नक्षीइतकंच लक्ष शिक्क्यांकडे द्या. डब्लिनच्या सोनारांच्या संघाला १६३७ मध्ये राजाची सनद मिळाली, तेव्हापासून चांदी पारखून तिच्यावर छाप मारण्याचं काम त्यांच्याकडे आलं. मुकुट घातलेली वीणा दिसली की चांदी हजारात ९२५ भाग शुद्ध. शेजारचं अक्षर वर्षाचं, आद्याक्षरं कारागिराची. १७३० पासून आणखी एक छाप आली : बसलेली स्त्री, हायबर्निया, म्हणजे मूर्तिरूपातली आयर्लंडभूमी. वाटतं, देशाभिमानाने कोरली असेल. प्रत्यक्षात ती चांदीवरचा नवा कर भरल्याची खूण होती! घरातल्या एका भांड्यावर सरकार, कसब आणि काळ असे तिघेही सही करून गेलेले असतात, आणि मला हे वाचन नक्षीकामापेक्षाही जास्त धरून ठेवतं.

दुसरी थांबायची जागा म्हणजे फॉन्टहिल फुलदाणी. निळसर झाक असलेली ही पांढरी चिनी मातीची सुरई चीनमधल्या चिंग-दे-जनच्या भट्ट्यांतली, साधारण १३०० नंतरची. युरोपात पोहोचल्याची नोंद असलेल्या चिनी पोर्सिलेनमध्ये ती सर्वांत जुनी मानली जाते. मध्ययुगात कुणीतरी तिला मुलामा दिलेल्या चांदीची मूठ, तोटी आणि झाकण चढवून पाण्याची झारी केली. एकोणिसाव्या शतकात तो सगळा साज उतरवला गेला. १८८२ मध्ये हॅमिल्टन पॅलेसच्या लिलावात संग्रहालयाने ती घेतली, तेव्हा ती नुसती एक सुरई होती. पुढे पॅरिसमध्ये जपलेल्या १७१३ च्या एका चित्राशी ती ताडून पाहिली गेली आणि तिची ओळख परत मिळाली. चित्रात साज आहे, काचेमागे उघडी माती. माझ्या मते साज गेला ते नुकसानच. पण चिनी कुंभाराने अंगावर उठवलेली फुलं आज नीट दिसतात, ती त्यामुळेच.

बराकीचा लष्करी भूतकाळ 'सोल्जर्स अँड चीफ्स' या दालनात येतो. परक्या झेंड्यांखाली लढलेल्या आयरिश सैनिकांची ती कहाणी आहे आणि तिचा एक धागा थेट पुण्याला पोहोचतो. १८८१ मध्ये मद्रास आणि मुंबईच्या दोन जुन्या गोऱ्या पलटणी एकत्र करून रॉयल डब्लिन फ्युसिलिअर्स ही पलटण उभी राहिली. त्यातली मुंबईची पलटण १८१७ साली खडकीला पेशव्यांच्या फौजेसमोर उभी होती. म्हणून या डब्लिनकर पलटणीच्या युद्धसन्मानांच्या यादीत 'किर्की' (म्हणजे खडकी) हे नाव होतं. १९२२ मध्ये, बराक आयरिश हाती आली त्याच वर्षी, ही पलटण मोडली गेली.

लाखकामात आणि फर्निचरमध्ये नाव काढलेल्या आयलीन ग्रेचा संग्रहही या संग्रहालयाने २००० साली मिळवला. तिच्यासाठी पुढचा अख्खा भाग राखून ठेवला आहे.