जातानाचा वारा, येतानाचा वारा

बारामतीहून सोलापूरला मोटारीने जायचे, तर इंदापूरला येऊन पुणे-सोलापूर महामार्ग धरावा लागतो. विमानाला वळणे नाहीत आणि फाटेही नाहीत. मग बारामती विमानतळापासून सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळापर्यंतचे हवाई अंतर किती? नकाशा घ्या, आपण ते काढू.

दोन्ही विमानतळांच्या अक्षांशांत सुमारे ०.६ अंशाचा आणि रेखांशांत सुमारे १.३५ अंशांचा फरक आहे. अक्षांशाचा १ अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर; म्हणून दक्षिणेकडचे अंतर ६७ किलोमीटर झाले. रेखावृत्ते मात्र ध्रुवांकडे एकमेकींजवळ येत जातात. त्यामुळे विषुववृत्तावर १११ किलोमीटर भरणारा रेखांशाचा १ अंश आपल्या भागात सुमारे १०६ किलोमीटरच भरतो. म्हणजे पूर्वेकडचे अंतर १४३ किलोमीटर. आता पायथागोरसला हाक मारा. ६७ आणि १४३ या काटकोनातील दोन बाजू. कर्ण येतो सुमारे १५८ किलोमीटर. ही रेषा इंदापूर गावाच्या दक्षिणेकडून, नीरा-भीमा संगमाच्या आसपासून जाते.

समजा, एका लहान विमानाचा हवेतील वेग ताशी १८० किलोमीटर आहे. वारा नसेल तर जाऊन-येऊन ३१६ किलोमीटरांना सुमारे १०५ मिनिटे लागतील. आता पावसाळा आला. आपल्याकडे या दिवसांत वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. सोयीसाठी असे धरू, की तो नेमका आपल्या रेषेतच सोलापूरच्या दिशेने ताशी ३० किलोमीटर वेगाने वाहत आहे. तुम्ही म्हणाल, "जाताना जेवढा फायदा, येताना तेवढाच तोटा, हिशेब बरोबरीत सुटेल!"

करून पाहा बरे. जाताना जमिनीच्या संदर्भात वेग २१०, वेळ ४५ मिनिटे. येताना वेग १५०, वेळ ६३ मिनिटे. एकूण १०८! तीन मिनिटे जास्त लागली. असे का झाले? अंतर दोन्ही वेळा सारखेच आहे, पण अनुकूल वाऱ्यात विमान ४५ मिनिटेच राहिले आणि प्रतिकूल वाऱ्यात ६३ मिनिटे. मदत थोडा वेळ, अडथळा जास्त वेळ!

तीन मिनिटे म्हणजे किरकोळ, असे समजू नका. इंधन मिनिटांच्या हिशेबाने जळते आणि आकाशात कडेला गाडी लावून थांबण्याची सोय नाही. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून निघालेले एक प्रशिक्षण विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात कोसळले. सुदैवाने त्यातील प्रशिक्षणार्थी वैमानिक बचावली. अपघातांची कारणे अनेक असतात, पण इंधन संपणे हे कारण आधी हिशेब करून टाळता येते. म्हणूनच वैमानिक उड्डाणापूर्वी वाऱ्याची दिशा व वेग पाहून प्रत्येक टप्प्याची वेळ वेगळी काढतो आणि वर राखीव इंधन घेतो. 'सरासरीने भागेल' असे म्हणणे त्याला परवडत नाही.

आता वही काढा. वाऱ्याचा वेग दुप्पट, म्हणजे ताशी ६० किलोमीटर धरा. तोटाही दुप्पट, म्हणजे ६ मिनिटेच होईल का? आधी अंदाज लिहा, मग गणित करा. आणि वारा ताशी १८० किलोमीटर झाला, तर सोलापूरला गेलेले विमान बारामतीला केव्हा परत येईल?