सुरगाठ की निरगाठ?

मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, कानातले, एवढंच काय, अंबाड्यातल्या पिनासुद्धा. "अंगावर धातूचा कण ठेवायचा नाही मावशी," असं एमआरआयच्या खोलीबाहेरच्या मुलीनं बजावलं, तेव्हा आमच्या वन्संचा, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. छत्तीस वर्षांत मंगळसूत्र गळ्यातून उतरलं नव्हतं. शेवटी मी सगळं माझ्या रुमालात घेतलं, वर घट्ट निरगाठ मारली आणि ठेवण्यासाठी त्यांची पर्स उघडली.

पर्समध्ये दोन कागद घडी करून कोंबलेले. एक रक्ताचा रिपोर्ट, तीन आठवड्यांपूर्वीचा. क्रिएटिनिन २.४. दुसरी साताऱ्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी, मूत्रपिंडाचा 'डीटीपीए स्कॅन' करून घ्या म्हणून. आणि दहाच मिनिटांपूर्वी मी त्यांचा फॉर्म भरला होता. 'किडनीचा काही त्रास?' या प्रश्नापुढं त्यांनी सांगितलं म्हणून माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'नाही'.

"वन्सं, हे काय?"

"ठेव ते आत. सांगितलं की परत पाठवतील. एवढं साताऱ्याहून आलोय. आणि घरात बोलू नकोस, उगीच डायलिसिसच्या गोष्टी निघतील."

मैत्रिणींनो, बचत गटाच्या बैठकीत मी दर महिन्याला सांगते, बायांनो, डॉक्टरांपासून काही लपवू नका. आता वेळ माझ्यावर आली होती. वन्संना अठरा वर्षांची साखर. डोकेदुखी थांबेना म्हणून मेंदूच्या डॉक्टरांनी 'कॉन्ट्रास्ट' देऊन एमआरआय सांगितलेला. हे डॉक्टर मिरजेचे. १८९४ साली वानलेस डॉक्टरांनी तिथं इस्पितळ काढलं, तेव्हापासून आमच्या भागातली माणसं मोठ्या दुखण्याला मिरज गाठतात. माझं माहेरही सांगलीचं, त्यामुळं मुक्कामाची सोय.

मी कागद उचलले आणि सरळ आत नेऊन दिले. वन्संनी माझ्याकडं असं पाहिलं की घर फोडणारी भावजय ती हीच. रेडिओलॉजिस्ट डॉक्टर रिपोर्ट वाचून दोन मिनिटं गप्प बसले. "बरं झालं दाखवलंत. आज थांबूया. किडनीच्या डॉक्टरांशी बोलतो, उद्या सकाळी या." वन्सं सांगलीपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत.

माझी भाची रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. मी बी.ए. मराठी, त्यामुळं रात्री भांडी आवरताना तिलाच विचारलं, "अगं, साधं चित्र उठून दिसायला देतात ते औषध. त्यात एवढं काय?"

ती हसली. "आत्या, तुम्ही दागिने उतरवलेत ना? पण ते इंजेक्शन म्हणजे धातूच असतो. गॅडोलिनियम. साठ किलोच्या बाईला जवळजवळ एक ग्रॅम जातो."

एक ग्रॅम! सोनाराकडं आपण एक ग्रॅमची पावती जपून ठेवतो. आणि हा धातू नुसता, सुटा शिरेत गेला तर विषारी. त्याच्या कणाचा आकार कॅल्शियमच्या कणाशी मिळताजुळता, म्हणून शरीर फसतं. जिथं कॅल्शियमचं काम असतं, तिथं हा जाऊन वाट अडवतो.

मग देतात तरी कशाला? तर एमआरआय हे अंगातल्या पाण्याचं चित्र असतं. मोठ्या चुंबकात पाण्यातले हायड्रोजनचे कण एका दिशेला वळवायचे, रेडिओलहरींनी ढकलायचे आणि ते पुन्हा जागेवर कसे येतात ते टिपायचं. गॅडोलिनियमपाशी सात सुटे इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळं तो स्वतःच एक बारीकसा चुंबक. त्याच्याजवळ आलेलं पाणी लवकर जागेवर येतं आणि चित्रात उजळ दिसतं. गाठ असेल, सूज असेल, तर तिथं हे औषध झिरपतं आणि तो भाग उठून दिसतो.

म्हणजे धातू हवाही आहे आणि सुटा नकोही आहे. मग रसायनशास्त्रज्ञ काय करतात? त्याला एका मोठ्या रेणूच्या कवेत बांधून देतात. इंग्रजीत अशा पकडीला 'कीलेट' म्हणतात. मूळ ग्रीक शब्द खेकड्याच्या नांगीचा, आणि रसायनशास्त्रात तो १९२० साली आला. कृष्णेकाठी वाढलेल्या बाईला खेकड्याची नांगी समजावून सांगायला नको!

खरं तर ही पकड आपल्या स्वयंपाकघरात रोज चालते. तांब्याचा हंडा चिंचेनं घासला की लखलखतो, कारण चिंचेतलं आम्ल वरचा काळा थर सोडवतं आणि त्यातलं तांबं धरून पाण्याबरोबर घेऊन जातं. लोहाच्या गोळीवर लगेच चहा घेऊ नका असं मी मुलींना सांगते, त्यामागंही हेच. चहातली टॅनिनं लोह धरून ठेवतात, ते रक्तापर्यंत पोचतच नाही. इतकी वर्षं मी सांगत आले, पण या पकडीला काही नाव असतं हे मला परवा कळलं.

भाचीनं माझा तोच रुमाल मागितला. दागिने काढून ठेवले, आत एक सुपारी घातली आणि सुरगाठ मारली. "हे जुनं औषध." टोक ओढलं, सुपारी बाहेर. मग निरगाठ मारली. "आणि हे नवं."

पहिलं औषध १९८८ साली बाजारात आलं. त्यातला पकडणारा रेणू डीटीपीए. लांबट साखळीसारखा, गॅडोलिनियमभोवती हात गुंडाळून बसणारा. धरतो चांगला, पण एक हात सुटला की दुसरा, मग तिसरा, अशी गाठ उकलत जाऊ शकते. रक्तात जस्त असतं, लोह असतं, तीही त्या रेणूच्या हातांवर हक्क सांगतात. दुसरा प्रकार कड्यासारखा. डोटा नावाचा रेणू, मधे गोल कडं आणि त्याला चार हात. धातू एकदा आत बसला की सगळे हात एकाच वेळी सुटल्याशिवाय बाहेर पडायला वाट नाही. निसर्गानंही हेच केलंय बघा. आपल्या रक्तातलं लोह असंच कड्यात बसवलेलं असतं आणि पानातल्या हिरव्या रंगातलं मॅग्नेशियमही.

मला वाटलं, मग गच्च पेटीत बंद करून टाका की! "तसं नाही चालत," भाची म्हणाली. या धातूला पकडायला नऊ जागा असतात. नऊच्या नऊ भरल्या तर पाणी जवळ येणार कसं आणि चित्र उजळणार कसं? म्हणून आठ जागा घट्ट बांधायच्या आणि नववी पाण्यासाठी मोकळी सोडायची. घर बंदोबस्तात ठेवायचं आणि पाहुण्यासाठी एक दार उघडं! या कारागिरीला मी मनातून हात जोडले.

मूत्रपिंड धडधाकट असेल तर सुरगाठ उकलायच्या आतच औषध बाहेर जातं. दीड-दोन तासांत निम्मं आणि दिवसभरात जवळजवळ सगळं लघवीवाटे. वन्संसारख्यांच्या अंगात मात्र ते दिवसेंदिवस रेंगाळतं. १९९०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत डायलिसिसच्या काही रुग्णांची कातडी जाड, लाकडासारखी कडक होऊ लागली. सांधे आखडले, माणसं चाकाच्या खुर्चीवर आली. कुणाला कारण उमगेना. २००६ साली युरोपातल्या डॉक्टरांच्या ध्यानात आलं की या सगळ्यांना आधी गॅडोलिनियम दिलं होतं. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या औषध खात्यानं वेष्टनावर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला. त्यानंतर मूत्रपिंडाची चौकशी करूनच औषध देण्याची पद्धत पडली आणि नवे रुग्ण जवळपास थांबले. फॉर्मवरची ती एक ओळ, जिच्यापुढं मी 'नाही' लिहिलं, ती त्या माणसांच्या हालांतून आलेली आहे.

पुढं २०१४ साली जपानी डॉक्टरांना दिसलं की मूत्रपिंड चांगलं असलेल्यांच्याही मेंदूत, वारंवार इंजेक्शनं झाली असतील तर, या धातूचा थोडा अंश उरतो. साखळीच्या औषधांत हे जास्त. त्यानं अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही. तरी युरोपनं २०१७ साली साखळीची बहुतेक औषधं वापरातून काढली. यकृतासाठीची वगैरे थोडी ठेवली, कड्याची चालू राहिली.

वन्सं पलीकडच्या खोलीत झोपल्याचं सोंग घेऊन सगळं ऐकत होत्या. मधेच आवाज आला, "त्या चिठ्ठीत पण डीटीपीएच लिहिलंय ना? म्हणजे साताऱ्याचे डॉक्टर मला तेच विष द्यायला निघाले होते!"

भाची उठून त्यांच्यापाशी जाऊन बसली. रेणू तोच, पण त्या स्कॅनमध्ये त्याच्या हातात वेगळा धातू असतो, टेक्नेशियम. अगदी अंशमात्र, आणि सहा तासांत त्याची किरणं निम्मी होणारी. डीटीपीए त्याला मूत्रपिंडातून गाळून बाहेर नेतो आणि बाहेरचा कॅमेरा बघतो, कुठलं मूत्रपिंड किती काम करतंय. हे तंत्र आपल्याकडं तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं रुजवलं. परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. तुर्भ्याच्याच 'ध्रुव' अणुभट्टीत ल्युटेशियम तयार होतं. ते डोटाच्या कड्यात बसवून, काही खास प्रकारच्या कर्करोगाच्या गाठींवर नेऊन सोडतात. तिथं तर गाठ निरगाठच लागते. ल्युटेशियम वाटेत सुटलं तर ते हाडांत जाऊन बसेल आणि तिथल्या मज्जेवर किरणं पाडेल.

याच कुळातला एक धातू मी डोळ्यांनी पाहिलाय. गेल्या विज्ञानदिनाला भाचीच्या कॉलेजात गेले होते. काचेच्या नळीत पिठासारखी पांढरी भुकटी, युरोपियमची. नोटा तपासायचा दिवा असतो ना, तसल्या दिव्याखाली धरली आणि कुंकवासारखी लालभडक पेटली! युरोपियमला स्वतःला प्रकाश नीट टिपता येत नाही. भोवतीचा रेणू तो टिपतो आणि आत पोचवतो. पकड इथंही पक्की लागते. पाणी जवळ आलं तर सगळी चमक गिळून टाकतं, म्हणून इथं त्या नवव्या जागेवरही पाण्याला मज्जाव. रक्तातल्या इतर गोष्टींची चमक क्षणात विझते, युरोपियमची जरा रेंगाळते. तेवढं थांबून मोजलं की रक्ताच्या थेंबातला अगदी सूक्ष्म पदार्थही सापडतो. नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन थायरॉइड तपासतात, त्याची एक पद्धत यावरच चालते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी नीट बसवून सांगितलं. वन्संच्या मूत्रपिंडाचं काम हिशेबानं तीसच्या खाली आलेलं, म्हणजे जपूनच. आधी औषधाशिवाय चित्र काढू. त्यात शंका राहिली तरच इंजेक्शन, तेही कड्याचं, आणि लागेल तेवढंच. कड्याच्या औषधानं किडनीच्या रुग्णालाही तो कातडीचा आजार होण्याची शक्यता फार फार कमी, त्यामुळं गरज असेल तर अडून बसायचं नाही, असं किडनीच्या डॉक्टरांचंही मत पडलं.

शंका राहिली. मी विचारलं, "कड्याचंच आहे ना?" त्यांनी बाटली माझ्या हातात दिली. नाव मला कळलं नाही, पण फोटो काढून भाचीला पाठवला. तिचं उत्तर आलं, 'निरगाठ.'

तुमच्यावर अशी वेळ आली तर क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट बरोबर न्या. आधी कधी हे इंजेक्शन झालं असेल, त्याचा त्रास झाला असेल, तर तो कागदही न्या. दिवस गेले असतील किंवा शंका असेल तर आधी सांगा, तेव्हा अगदी निकड असल्याखेरीज देत नाहीत. बाळ अंगावर पीत असेल तर दूध सहसा तोडावं लागत नाही, पण विचारून घ्या. सीटी स्कॅनचं औषध वेगळं, त्यात आयोडीन असतं. दोन्हींची गल्लत आमच्याकडं नेहमी होते. आणि घाबरून तपासणीच टाळू नका, ते तर वन्संच्या लपवालपवीपेक्षा वाईट.

चित्रात काळजीचं काही निघालं नाही. साताऱ्याला परतल्यावर डीटीपीए स्कॅन करायचं वन्संनी कबूल केलं. मला नाही, भाचीला. एसटीत त्या खिडकीकडं तोंड करून बसल्या. पेठ नाका गेला, तरी अबोला. कराडच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी विचारलं, "चहा घेणार का, वन्सं?"

त्यांनी पर्समधून लोहाची गोळी काढली, पाण्याबरोबर घेतली आणि म्हणाल्या, "आता तासभर नको. साताऱ्यात पाज. आणि तो रुमाल आण इकडं, तुझी गाठ सुटेना झालीय."