कटर खाली टेकवूनच का ठेवतात?

आमच्या नानांची पेरूची बाग आहे. पावसाळ्यात झाडांच्या दोन ओळींमध्ये गुडघाभर गवत होते. ते कापायला नानांनी ट्रॅक्टरच्या मागे जोडायचे यंत्र आणले. घरात सगळे त्याला कटर म्हणतात. वर जाड पत्र्याचे झाकण, मधोमध गिअरबॉक्स आणि खाली फिरणारी पाती. पाती वरून दिसत नाहीत, म्हणून ते यंत्र अगदी गरीब वाटते. पण तसे ते नाही.

कटर ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडतात. खाली डावा आणि उजवा असे दोन हात असतात. वर मध्ये एक दांडा असतो, तो टॉप लिंक. ही युक्ती आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांची. १९३९ साली अमेरिकेत फोर्डच्या ट्रॅक्टरवर ती आली, असे गुरुजींनी सांगितले. या तीन जोडांशिवाय आणखी एक शाफ्ट असतो. तो ट्रॅक्टरमागच्या पीटीओला लावतात आणि त्याच्यामुळे पाती फिरतात. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो. मी ६० ने भागून पाहिले, सेकंदाला ९ फेरे आले! पाती तर त्याहून जोरात फिरतात, कारण गिअरबॉक्स वेग वाढवतो. म्हणून चालू कटरच्या जवळपास आम्हाला कुणी फिरकू देत नाही. एखादा खडा पात्याला लागला तर गोफणीतून सुटल्यासारखा येतो.

कटर आधी जुळवावा लागतो. नाना तो सपाट जागेवर कापायच्या उंचीला आणतात, इंजिन बंद करतात आणि चावी खिशात टाकतात. मग माझे काम. मी कंपासमधली पट्टी पत्र्याच्या कडेला बाहेरून उभी धरतो. हात खाली घालायचा नाही. डावी कड आणि उजवी कड जमिनीपासून सारखी पाहिजे. कमीजास्त असली तर उजव्या हाताच्या दांड्याला फिरवायची मूठ असते, ती फिरवतात. पुढची कड मात्र मागच्या कडेपेक्षा अर्धा इंच खाली ठेवतात. मागची बाजू खाली राहिली तर कापलेले गवतच पुन्हा पुन्हा कापले जाते आणि इंजिनावर लोड येतो. टॉप लिंक आखूड केली की मागची बाजू उचलते. आमच्या बागेत दगडगोटे फार, म्हणून नाना तीन इंच गवत राहू देतात.

आता लिफ्ट. सीटजवळ एक दांडी असते. ती वर ओढली की चार गड्यांना न हलणारा कटर वर उचलतो. हे काम तेल करते. पंप तेल ढकलतो, ते नळकांड्यात शिरते, तिथला दट्ट्या सरकतो आणि हात वर जातात. मग तेलाची वाट बंद होते. कोंडलेले तेल दबत नाही, म्हणून कटर वरच राहतो.

रंगपंचमीच्या पिचकारीत पाणी भरा. तोंडावर अंगठा घट्ट दाबा आणि दांडा ढकला. जात नाही ना? आता अंगठा किंचित सैल करा. पाणी झिरपते आणि दांडा हळूहळू आत जातो. लिफ्टचेही असेच होते. नळकांड्यातली रबरी सील झिजली की तेल निसटू लागते.

आमच्या गल्लीत एकाचा ट्रॅक्टर उभा असतो. त्याचा रोटर नेहमी वर उचललेला. एकदा संध्याकाळी मी रोटरच्या वरच्या कडेसमोर भिंतीवर खडूने रेघ मारली. ट्रॅक्टर रात्रभर बंदच होता. सकाळी बघतो तर रोटर रेघेच्या पाच बोटे खाली! तो सावकाश आला म्हणून बरे. पण तेलाचा पाइप फुटला तर तो एकदम येईल. दांडी कुणी खाली ढकलली तरी येतो, इंजिन बंद असले तरीसुद्धा. कारण खाली यायला इंजिन लागतच नाही, यंत्राचे वजन पुरते. आणि आमच्या गल्लीतली बारकी पोरे त्याच सीटवर चढून ड्रायव्हर ड्रायव्हर खेळतात. त्याच वेळी लपाछपीतली पोरे रोटरखाली जाऊन बसतात. मला आता ती जागा बघवत नाही. मी राज्य घेतले की आधीच सांगतो, तिथला गडी धरणार नाही.

नाना पाती बदलायची असली तर कटर उचलतात, पण त्याच्याखाली जाड लाकडी ओंडके लावतात. कटर ओंडक्यांवर नीट बसला, इंजिन बंद झाले, की मगच पाना घेतात.

काम झाल्यावर ते आधी पीटीओ बंद करतात. पाती लगेच थांबत नाहीत, बराच वेळ घुमत राहतात. ती थांबेपर्यंत नाना सीटवरून उतरत नाहीत. मग ट्रॅक्टर सपाट जागी घेतात, कटर पूर्ण जमिनीला टेकवतात, हँडब्रेक ओढतात, इंजिन बंद करून गिअरमध्ये ठेवतात आणि चावी काढतात. जागा उताराची असली तर चाकाला दगड लावतात. पावसाळ्यात कटरखाली फळी टाकतात, नाहीतर तो चिखलात रुततो आणि गंजतो.

कटर सोडवून ठेवायचा असला तर आधी शाफ्ट काढतात, मग टॉप लिंक, मग उजवा हात आणि शेवटी डावा. जोडताना याच्या उलट. शाफ्ट मातीत पडू देत नाहीत, फळीवर ठेवून वर पोते टाकतात. सोडवताना सपाट जागाच पाहिजे. कटर वाकडा ठेवला तर पुढच्या वेळी हाताची भोके पिनेशी जुळत नाहीत. मग नाना ट्रॅक्टर पुढे-मागे करत बसतात आणि मला लांब उभे राहून “अजून थोडा मागे” असे ओरडावे लागते.

– इयत्ता ४ थी