अटकेपार ते अळवापर्यंत: वाक्प्रचारांची सुसाट सफर!

वाक्प्रचार म्हटलं की मराठीचा पेपर आठवतो ना? 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा!' पण मंडळी, या दोन-तीन शब्दांत इतिहास, केमिस्ट्री, बॉटनी आणि कुस्ती असं सगळं ठासून भरलंय. चला, सीटबेल्ट लावा!

एक घर, दोन सुपरहिट!
'अटकेपार झेंडा' लावला कुणी, माहीत आहे का? १७५८ मध्ये पेशवे घराण्यातल्या रघुनाथरावांच्या मोहिमेत मराठी फौजा थेट सिंधूकाठच्या अटकेला भिडल्या. पुण्यापासून दीड हजार किलोमीटरहून लांब, आजच्या पाकिस्तानात! आणि 'ध चा मा'? तोही याच घरातला. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईंनी चिठ्ठीतल्या 'धरावे'चं 'मारावे' केलं, अशी आख्यायिका आहे. पुरावा नाही, पण वाक्प्रचार अमर!

पोथीतला व्हाइटनर
'नियमांना हरताळ फासला', असं बातम्यांत रोज वाचता. पण हा हरताळ म्हणजे काय, माहीत आहे का? आर्सेनिक आणि गंधक यांचं पिवळंधमक खनिज! हस्तलिखित पोथीत चूक झाली की त्यावर हरताळाचा लेप द्यायचा, अक्षर गायब. संपाचा 'हरताळ' मात्र वेगळा बरं का! तो आला हाट आणि टाळं यांतून, म्हणजे बाजाराला कुलूप.

आकड्यांचं भांडण
न पटणाऱ्या दोघांत 'छत्तीसचा आकडा' का? कागद घ्या आणि ३६ लिहा. ३ आणि ६, दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवलीय! आता ६३ लिहा. झाली दिलजमाई, समोरासमोर! ही सगळी देवनागरी अंकांच्या वळणाची गंमत!

पळसाला पानं किती?
तीनच! जगात कुठंही जा, माणसं तीच, हे सांगायला ही म्हण. पण बॉटनीचा ट्विस्ट माहीत आहे का? ज्यांना आपण तीन पानं म्हणतो, त्या खरं तर तीन पर्णिका. तिन्ही मिळून पान एकच!

फूल आहे, पण आतमध्ये
क्वचित दिसणारा मित्र म्हणजे 'उंबराचं फूल'. पण उंबराला फुलं येतात, तीही ढीगभर! फक्त ती फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या पोटात दडलेली असतात. चिमुकल्या गांधीलमाश्या बारीक भोकातून आत शिरतात आणि परागीभवन करतात. म्हणजे फूल कायम हजर, फक्त दर्शन नाही.

अळूची नॅनोटेक्नॉलॉजी
'अळवावरचं पाणी' टिकत का नाही? अळूच्या पानावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात आणि त्यावर मेणाचा थर. थेंबाला पसरायला जागाच नाही, तो गोल होतो आणि सुळकन घरंगळतो. पाणी झटकणारे आधुनिक पृष्ठभाग बनवताना हीच युक्ती वापरतात. आपल्या परसातली पेटंट आयडिया!

मगर खरंच रडते?
'नक्राश्रू ढाळणं' म्हणजे खोटं रडणं. अमेरिकेतल्या फ्लोरिडामध्ये संशोधकांनी मगरीच्या सात भाऊबंदांना जेवताना न्याहाळलं. २००७ मध्ये निष्कर्ष आला: सातपैकी पाचांच्या डोळ्यांत खाता खाता पाणी! दुःख वगैरे काही नाही, पण अश्रू मात्र एकदम ओरिजिनल.

आकाशातली दोन दृश्यं
कुस्तीत पाठ मातीला लागली की डोळ्यांसमोर काय येतं? आभाळ! म्हणून 'अस्मान दाखवणं'. आणि एखाद्याला 'अर्धचंद्र' दिला, तर चंद्र कुठला? अंगठा आणि बोटं ताणून हाताची कमान करा. दिसला? हाच हात मानेला लावायचा आणि पाहुण्याला दाराबाहेर काढायचं!

बोराची नातेवाईकगिरी
पाहुणा म्हणतो, 'माझ्या गाडीचं चाक बोरीच्या लाकडाचं, तुमच्या दारात बोरीचं झाड, म्हणून आपण नातेवाईक!' संस्कृतात बोर म्हणजे बदर, म्हणून हा 'बादरायण संबंध'. ओढूनताणून ओळख काढणाऱ्यांचा हा आद्यपुरुष!

खजिन्याचे राखणदार
हे सगळं जपलं कुणी, माहीत आहे का? रेव्हरंड मॅनवेअरिंग यांनी जमवलेल्या मराठी म्हणींचं पुस्तक १८९९ मध्ये चक्क ऑक्सफर्डहून निघालं. पुढं य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे या जोडीनं 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' रचला. एकट्या वाक्प्रचार-म्हणींसाठी दोन जाडजूड खंड!

तरीही वऱ्हाड, खानदेश, कोकण, मराठवाड्यातलं कितीतरी धन अजून नुसतं बोलण्यातच आहे. म्हणून एक काम करा. आज रात्री जेवताना घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला त्यांच्या गावचा एक वाक्प्रचार विचारा, आणि अर्थ, किस्सा, गावाचं नाव असं सगळं लगेच लिहून ठेवा. श्रीगणेशा आजच!