कालनिर्णयातल्या रिकाम्या चौकटी

आमच्या घरी कालनिर्णयावर दोघांच्या नोंदी असतात. आईच्या शाईने केलेल्या: गॅस लावला, दूधवाल्याचा खाडा, नळाला पाणी आलं. बाबांच्या पेन्सिलीने: ‘मुं.सि.–गोवा’, ‘मुं.सि.–केरळ’, आणि रात्री उशिरा त्याच चौकटीच्या कोपऱ्यात निकाल. 2026 चं नवं कालनिर्णय लावताना 2025 ची शेवटची पानं उलटून पाहिली. सप्टेंबर ते डिसेंबर आईच्या नोंदी भरगच्च होत्या. बाबांच्या म्हणजे सुपर कपाचे मोजके सामने, तेही उपांत्य फेरीत गोव्याने 2-1 ने हरवलं तिथे संपलेले. बाकी चौकटी कोऱ्या. आमच्या मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचा इंडियन सुपर लीगमधला एकही सामना झाला नाही, कारण लीगच सुरू झाली नव्हती.

आणि वर्ष संपायला पाच दिवस उरले असताना, 26 डिसेंबरला बातमी आली की सिटी फुटबॉल ग्रुप मुंबई सिटीतून बाहेर पडला. मँचेस्टर सिटीचे मालक ते हेच. 2019 च्या नोव्हेंबरात त्यांनी आपल्या क्लबचा 65 टक्के हिस्सा घेतला होता. तो सोडताना कारण दिलं लीगच्या अनिश्चित भवितव्याचं. क्लब पुन्हा जुन्या मालकांकडे, म्हणजे रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्याकडे गेला. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत फोनवर ही बातमी वाचली आणि डबा तसाच मिटवला. शेजारची म्हणाली, ‘अगं, परदेशी कंपनी गेली, त्यात एवढं काय?’ तिला काय सांगणार? माझ्या बाबतीत हे दुसऱ्यांदा होत होतं.

पहिल्यांदा झालं 2010 साली. त्याच्या काही वर्षं आधी मी तेव्हाच्या औरंगाबादहून नोकरीसाठी मुंबईला गेले होते. ऑफिस फोर्टात, आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर कूपरेज. बाबा औरंगाबादच्या आमखास मैदानावर छावणीतल्या पोरांबरोबर अनवाणी खेळलेले, त्यामुळे फुटबॉल घरात होताच, पण खऱ्याखुऱ्या क्लबचा सामना मी कूपरेजला पहिल्यांदा पाहिला. महिंद्रा युनायटेडचा. डेरिक परेरा प्रशिक्षक होते, बरेटो आणि याकुबू पुढे खेळायचे. 2005-06 ची नॅशनल लीग आपण जिंकलो तेव्हा मी बाबांना एसटीडीवरून अर्धा तास सामना सांगितला होता. चारच वर्षांनी कंपनीने संघ बंद करायचा निर्णय घेतला. यापुढे शाळकरी मुलांच्या फुटबॉलवर भर देणार, असं सांगितलं गेलं. 1962 पासूनचा संघ एका निवेदनात संपला. त्यानंतर काही दिवस मी संध्याकाळी कूपरेजच्या बाजूने जायचं टाळत असे.

मग 2014 ला इंडियन सुपर लीग आली. ती पहिली दोन-तीन वर्षं मी भराभर उलटते. अनेल्का, ल्युंगबर्ग, नंतर फोर्लान. नावं मोठी होती, पण सगळी कारकिर्दीच्या उताराला लागलेली. दोन-अडीच महिन्यांत हंगाम आटोपायचा आणि उरलेले नऊ महिने आपला क्लब आहे की नाही हेही कळायचं नाही. पुण्याला 5-0 ने हरवलं त्या नेरूळच्या रात्री आंद्रे मोरित्सने तीन गोल केले, तेवढी एक आठवण ठेवण्याजोगी. 2016 ला गुणतक्त्यात पहिले आलो आणि उपांत्य फेरीत कोलकात्याकडून हरलो. त्या वर्षांत जो पैसा ताऱ्यांवर उधळला, त्यातला चौथा हिस्सा जरी शाळांच्या आणि वस्त्यांच्या मैदानांवर गेला असता तर आज लीगला वाली शोधत फिरावं लागलं नसतं, असं माझं ठाम मत आहे. तेव्हाही हे बोलत होते. तेव्हा लोक म्हणायचे, आधी गर्दी तर येऊ दे.

माझा क्लब खरा सुरू झाला तो अंधेरीत. डोंबिवलीहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने आझादनगर, मग वीरा देसाई रोडवरून पायी. मैदान लहान, जेमतेम सात हजारांचं, आणि तेच त्याचं सुख. गोलरक्षक बचावपटूंना हाका मारायचा त्या स्टँडमध्ये ऐकू यायच्या. वेस्ट कोस्ट ब्रिगेड या आमच्या पाठीराख्यांच्या गटाची पोरं नव्वद मिनिटं ढोल थांबवायची नाहीत. माझ्यासारखी एकटी येणारी बाई पहिल्या दोन सामन्यांना त्यांना नवलाची वाटली, तिसऱ्याला त्यांनी माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. 16 डिसेंबर 2018 ला केरळाला 6-1 ने हरवलं, त्यातले चार गोल एकट्या मोडू सूगूचे. चौथ्यानंतर माझ्या पुढच्या रांगेतल्या आजोबांनी मागे वळून, ओळख ना पाळख, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. शेवटची लोकल पकडून मी घरी पोचले तेव्हा आवाज पुरता बसला होता. दुसऱ्या दिवशी बाबांना सामना सांगायला फोन केला आणि मला बोलताच येईना.

मुंबईत फुटबॉलला प्रेक्षक नाही, असं तेव्हा कितीतरी जाणकार लिहीत होते. ते अंधेरीला कधी येत नव्हते.

2020 ला टाळेबंदी लागली. मी घरून काम करायला म्हणून औरंगाबादला आले आणि बाबांच्या तब्येतीमुळे इथलीच झाले. नेमका तोच आमच्या क्लबचा सर्वांत मोठा हंगाम. सिटी ग्रुप आला होता, गोव्याहून सर्जिओ लोबेरा आले होते आणि त्यांच्या मागोमाग जाहू, फॉल, बूमूस आणि आपला मंदार राव देसाई. सगळे सामने गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये. बाबा खुर्ची टीव्हीच्या इतकी जवळ ओढून बसत की आई ओरडायची. शेवटच्या साखळी सामन्यात मोहन बागानला 2-0 ने हरवून साखळीत पहिलं येण्याची शील्ड घेतली. मग 13 मार्च 2021 ची अंतिम लढत, पुन्हा त्यांच्याशीच. आमच्या शहरात रुग्ण वाढले होते, दोनच दिवसांपूर्वी अंशतः लॉकडाऊन लागला होता आणि शनिवार-रविवार तर कडकडीत बंद. तो शनिवार होता. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. 1-1 अशी बरोबरी, घड्याळात नव्वदावं मिनिट. लांबून आलेल्या चेंडूवर त्यांचा गोलरक्षक पुढे आला, गडबडला, ओगबेचेने चेंडू बिपिन सिंगकडे ढकलला आणि बिपिनने तो आत घातला. मी दार उघडून थेट रस्त्यावर आले आणि ओरडले. समोरच्या बंगल्यातल्या काकू गॅलरीत आल्या. घाबरून म्हणाल्या, ‘काय गं, बाबांना काही झालं का?’ ते दिवसच तसे होते. मी म्हटलं, ‘नाही काकू, आम्ही जिंकलो.’

त्या बिपिनला 2025 साली ईस्ट बंगालच्या जर्सीत पाहिलं. बचावाचा खांब असलेला मेहताब सिंग मोहन बागानला गेला. खेळाडूंना पोट आहे, त्यांना कोणी नावं ठेवू नयेत. पण 2025 च्या मार्चमध्ये बंगळुरूने आम्हाला 5-0 ने हरवून स्पर्धेबाहेर काढलं, तेव्हा बाबांनी कोपऱ्यात आकडा लिहिला आणि पेन्सिल कपाटात ठेवून दिली; पुढे ती फक्त सुपर कपापुरती बाहेर निघाली. संघ मोडतोय, हे त्यांना त्या रात्रीच दिसलं असावं.

मधली वर्षं मात्र भरून पावल्याची होती. 2022 च्या एप्रिलमध्ये रियाधला इराकच्या अल-कुव्वा अल-जाविया संघाला 2-1 ने हरवलं. आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब, आणि त्यातला एक गोल राहुल भेकेचा. पुढच्या हंगामात डेस बकिंगहॅमच्या संघाने 46 गुणांनी शील्ड घेतली. 2023 ला घरचे आशियाई सामने बालेवाडीला होते. 18 सप्टेंबरचा पहिला सामना, दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे होते. मध्यवर्ती बसस्थानकावर पुण्याहून सणासाठी गावी येणाऱ्यांची झुंबड होती आणि मी उलट्या दिशेने पुण्याच्या गाडीत. इराणच्या नस्साजीकडून 2-0 ने हरलो. त्या गटात सहाच्या सहा सामने गेले, पण त्या प्रवासाचं मला कधी वाईट वाटलं नाही. आमचा क्लब आशियातल्या थोरांशी खेळत होता आणि मी बसने जाऊन ते पाहू शकत होते.

शेवटची मोठी रात्र 4 मे 2024 ची. बाहेर लोकसभेच्या प्रचाराच्या रिक्षा, आत कोलकात्यातला अंतिम सामना. आणि आठवड्याने येणारं नळाचं पाणी नेमकं तेव्हाच आलं. पहिला गोल मोहन बागानचा. बरोबरीचा गोल झाला तेव्हा मी गच्चीवर टाकीपाशी होते, खालून बाबांची आरोळी ऐकली. पाइप तिथेच टाकून धावत आले. मग बिपिन, मग वोयतुस. 3-1. टाकी भरून वाहिली, आणि पाण्याच्या थेंबासाठी जीव टाकणारी आई त्या रात्री एका शब्दाने बोलली नाही.

त्यानंतर दोन वर्षंही झाली नव्हती आणि सगळं विस्कटलं. मग घडलं काय? फेडरेशन आणि लीग चालवणाऱ्या कंपनीतला करार 2010 चा, पंधरा वर्षांचा. तो 8 डिसेंबर 2025 ला संपणार हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरीही जुलै उजाडेपर्यंत नवा करार नाही, आणि मग एके दिवशी हंगाम स्थगित. ऑगस्टमध्ये बंगळुरूसारख्या क्लबने खेळाडूंचे पगार थांबवले. व्यावसायिक हक्कांची निविदा काढली तर नोव्हेंबरच्या मुदतीत एकही बोली आली नाही. घरातलं लग्न पंधरा वर्षांपूर्वी ठरलेलं आणि मांडवाची चौकशी आदल्या रात्री, असा हा कारभार.  यात गेला तो आमचा हंगाम.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर दुखणं आणखी जुनं आहे. 2010 ला महिंद्रा. मग 2012-13 च्या आय-लीगमध्ये दुसरा आलेला पुणे एफसी. एका हंगामात आटोपलेला भारत एफसी. खालिद जमीलने सात वर्षं सांभाळलेला मुंबई एफसी 2017 ला, आणि 2019 ला एफसी पुणे सिटी. त्याची जागा घेतलेला हैदराबादचा संघही आता दिल्लीला गेला. यातले बहुतेक क्लब मैदानात हरले म्हणून संपले नाहीत, मालकाच्या जमाखर्चात बसेनात म्हणून संपले. तिकडे कोल्हापुरात पाटाकडील, शिवाजी तरुण, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा यांचे सामने शाहू स्टेडियमवर पिढ्यान्‌पिढ्या चालले आहेत. त्यांच्यामागे मालक नाही, पेठ आहे. पेठ एका सकाळी निवेदन काढून निघून जात नाही.

मग 14 फेब्रुवारी 2026 पासून लीग घेण्याचं जाहीर झालं. चौदा संघ, 91 सामने, एकमेकांशी एकदाच. घाईघाईत बांधलेला हंगाम, तरी तो पाहायचा असं मी ठरवलं. आमखासवर संध्याकाळी खेळणाऱ्या पोरांच्या पाठीवर मेस्सी, रोनाल्डो, नेमार असतात, आमचा छांगते एकाच्याही नाही. त्यांना आमचा क्लब दाखवायचा तर तो आधी जिवंत असायला हवा.

म्हणून मुंबई सिटीच्या मालकांना एकच मागणं आहे. जिंकण्याचं वचन नको, तारे नकोत. हा क्लब आणखी किती वर्षं चालवणार, ते आजच लिहून द्या. आणि कधी सोडायचाच झाला, तर विकण्याआधी आम्हा तिकीट काढणाऱ्यांना विचारा. थोडाथोडा हिस्सा घ्यायला आम्ही तयार आहोत. पहिले पैसे माझे घ्या. बाबांनी पेन्सिल कपाटातून काढून टोक करून ठेवली आहे.