दाढेच्या मुळाची भिंत

दाढ रात्रभर ठणकली आणि दंतवैद्यानें 'रूट कॅनाल' करावयास सांगितलें, म्हणजे घरांतील मंडळींची अपेक्षा एकच असते: आंतली घाण चांगली खरवडून काढा, पुन्हां कटकट नको! भांडें घांसतांना जो न्याय आपण लावतों, तोच दाढेला लावतों. पण भांड्याचा पत्रा किती जाड आहे हें डोळ्यांना दिसतें. दाढेच्या मुळाची भिंत हाडांत दडलेली असते, व ती सर्व बाजूंनीं सारखी जाड नसते.

खालच्या जबड्यांतील पहिली मोठी दाढ घ्या. ही सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. दुधाचीच दाढ समजून पुष्कळ घरांत तिची हेळसांड होते. म्हणून किडण्याचा मानहि बहुधा प्रथम हिलाच मिळतो. हिला साधारणतः दोन मुळें असतात. पुढचें मूळ चपटें असून त्यांत बहुधा दोन नळ्या असतात, आणि खालीं जातांना तें मागच्या अंगास वांकतें. झ्यूरिकचे वॉल्टर हेस यांनीं दांतांच्या पोकळींत रबर भरून, तें कठीण करून, भोंवतालचा दांत आम्लांत विरघळविला व नळ्यांचे ठसे मिळविले. १९२५ सालीं त्यांचें पुस्तक इंग्रजींत निघालें. त्या ठशांत सरळ नळ्या थोड्या, फांटेच फार!

या पुढच्या मुळाच्या मागील अंगास, दोन मुळांचें दुबेळकें होतें त्या बाजूस, एक उभी पन्हळ असते. तिच्यामुळें तेथील भिंत अवघी एक मिलिमीटरच्या आसपास भरते, कांहीं दाढांत त्याहूनहि कमी. आतां दंतवैद्याची कानस पाहा. २५ नंबरची नेहमींची पोलादी कानस टोंकाशीं ०.२५ मिलिमीटर, तर सोळा मिलिमीटर वर ०.५७ मिलिमीटर जाड असते. पोलाद सरळ होऊं पाहतें. त्यामुळें वांकड्या नळींत तें आंतल्या वळणाची, म्हणजे नेमकी तीच पातळ भिंत अधिक कातरतें. नळी फार रुंद केली तर तेथें लांबट भोंक पडतें, भोंवतालचें हाड झिजूं लागतें, आणि वांचविण्यासाठीं नेलेली दाढ अखेर उपटावी लागते. भोंक न पडलें तरी पातळ झालेलें मूळ पुढें चावतांना उभें तडकूं शकतें.

क्ष-किरण छायाचित्र काढलें कीं निश्चिंत व्हावें, असेंहि नाहीं. पन्हळीच्या दोन्ही कडांचे उंचवटे तिला झांकतात, व साध्या छायाचित्रांत भिंत आहे त्याहून जाड दिसते. ही फसवणूक मला तरी मोठी विलक्षण वाटते.

१९८० सालीं अबू-रास, फ्रँक व ग्लिक यांनीं या भागास धोक्याचा टापू ठरवून कानस जाड भिंतीकडे दाबून चालविण्याची रीत सांगितली. पुढें निकेल-टायटेनियमच्या लवचिक कानशी आल्या. जेथें कानस पोंचत नाहीं, तेथें सोडियम हायपोक्लोराइटचें पाणी सडका मगज विरघळवितें. तेव्हां नळ्या पुनःपुन्हां धूत बसणारा डॉक्टर वेळ काढीत आहे असें समजूं नये.

मुलांचें प्रकरण याहून नाजूक. दाढ वर आल्यावर तिचीं मुळें पुरीं व्हावयास आणखी सुमारें तीन वर्षें लागतात. तोंवर भिंती पातळ व टोंकें उघडीं असतात. भिंतीला आंतून थर चढवितो तो जिवंत मगजच. म्हणून सात-आठ वर्षांच्या मुलाची दाढ किडली असतां, जेवढा मगज निरोगी असेल तेवढा राखून वर औषधाचा थर बसवितात, आणि मुळें पुरीं होईपर्यंत त्या मुलास अधूनमधून तपासणीस बोलावितात.